संरक्षणाचा खर्च कोण ठरवतो?



जानेवारी २०२५ मध्ये माआम १७ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हापासून मोआदोनमध्ये चहाबरोबर हाच विषय निघतो. शंभर शेकेलच्या मालावर एक शेकेल जास्त, म्हटले तर काहीच नाही. पण पेन्शनीत घर चालवणाऱ्याला प्रत्येक शेकेल दिसतो. एक जण विचारतो, "लष्कराला एवढा पैसा लागतो तरी कशाला?" दुसरा म्हणतो, "लागणारच. माझा नातू मिलुईमला जाऊन जाऊन थकला, त्याला काय रिकाम्या हाताने पाठवणार?" दोघांचेही खरे आहे. हा वाद आम्ही मिटवणार नाही. आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहण्यात गेल्यामुळे एवढेच करून पाहतो, की आपल्यासारखे राष्ट्र संरक्षणावर किती खर्च करील हे कशाकशावर ठरते, ते नीट उलगडून सांगतो.

आधी 'आपल्यासारखे राष्ट्र' म्हणजे काय ते पाहू. इस्राएलची वस्ती एक कोटीच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईहून कमी. तरी उत्पन्न, उद्योग आणि लष्कर पाहिले तर आपण लहान राष्ट्रांत मोडत नाही; मधल्या पंक्तीत बसतो. महासत्ता आपला खर्च बऱ्याच अंशी आपल्या मर्जीने ठरवते. अगदी चिमुकले राष्ट्र दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे राहते. मधल्या राष्ट्राचे तसे नाही. त्याचा खर्च शेजारी ठरवतो, शस्त्रे विकणारा मित्र ठरवतो, मागच्या युद्धाची आठवण ठरवते, आणि उरलेसुरले अर्थमंत्री ठरवतो.

आता मोजमाप. नुसते अब्जांचे आकडे ऐकून काही कळत नाही. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) म्हणून जाणकार लोक देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नातील किती टक्के रक्कम संरक्षणाला गेली हे पाहतात. घरात शंभर रुपये आले आणि त्यातले अमुक रुपये कुलूप, कडी आणि गुरख्यावर गेले, असा हा हिशेब. स्टॉकहोमची सिप्री नावाची संस्था दरवर्षी सगळ्या देशांचे असे आकडे जमवते. तिच्या हिशेबाने २०२४ साली जगाची सरासरी २.५ टक्के होती. इस्राएलचा आकडा २०२२ साली ४.५ होता, तो २०२४ मध्ये ८.८ झाला. टक्केवारीत आपल्या पुढे एकटे युक्रेन राहिले. एका वर्षात आपला खर्च ६५ टक्क्यांनी वाढून ४६.५ अब्ज डॉलर झाला.

८.८ हा आकडा तरुणांना भयंकर वाटतो. आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकांत आले त्यांनी याहून मोठा आकडा पाहिला आहे. योम किप्पुरच्या युद्धानंतर, १९७५ च्या सुमारास, देशाच्या उत्पन्नातले जवळजवळ ३० टक्के संरक्षणाला जात होते. शंभरातले तीस! त्या काळाकडे आपण पुढे येऊच, कारण आजच्या वादाची किल्ली तिथेच आहे.

पहिले कारण शेजारी, हे कोणीही सांगेल. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केले आणि ती गोष्ट राज्यघटनेत घातली. स्वित्झर्लंड घराघरातून सैनिक तयार करतो, तरी त्याचा खर्च एक टक्क्याच्या आत राहतो. ग्रीस मात्र कर्जात बुडाला तेव्हाही तुर्कस्तानकडे पाहून संरक्षणावर युरोपातल्या बहुतेक देशांहून मोठा वाटा खर्च करत राहिला. पोलंडने रशिया युक्रेनमध्ये शिरल्यावर आपला खर्च चार टक्क्यांच्या वर नेला. जपानने १९७६ साली एक टक्क्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती आणि पुष्कळ वर्षे पाळली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यानेही २०२७ पर्यंत दोन टक्क्यांचे ठरवले. भूगोल बदलत नाही, पण शेजाऱ्याचा चेहरा बदलतो.

हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्ही शाळेत होतो. चीनच्या आक्रमणापर्यंत भारत आपल्या उत्पन्नातले दोन टक्क्यांच्या आसपास संरक्षणाला देत असे. धरणे, पोलादाचे कारखाने आणि शाळा आधी, असे पंडितजींचे धोरण होते. मग तो पराभव झाला. कृष्ण मेनन गेले, आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा प्रत्येक मराठी घरात ऐकू येई. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी आम्ही मुलांनी खाऊचे पैसे दिले, बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या. दोन वर्षांत भारताचा खर्च चार टक्क्यांच्या जवळ पोहोचला आणि सव्वाआठ लाखांच्या सैन्याची योजना झाली. आपल्या समाजाचे व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन यांनी पुढे माझगाव डॉकची धुरा सांभाळली, आणि त्याच गोदीतून १९६८ साली 'नीलगिरी' पाण्यात उतरली, हेही त्याच दशकाचे फळ. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की चीनशी असे युद्ध पुन्हा झाले नाही, पण खर्च पूर्वीच्या पातळीवर परत आला नाही. धक्का एकदा बसतो. त्याचे व्याज वर्षानुवर्षे द्यावे लागते.

इस्राएलला असा धक्का १९७३ साली बसला. अडीच हजारांहून अधिक सैनिक गेले, आणि आपण बेसावध सापडलो ही गोष्ट देशाच्या मनात काट्यासारखी रुतली. 'पुन्हा असे होणे नाही' या एका वाक्यापुढे कोणाही अर्थमंत्र्याचे काही चालेना. तुकड्या वाढल्या, रणगाडे वाढले, विमाने वाढली. बराचसा माल अमेरिकेहून येई, आणि तेव्हा त्यातला मोठा भाग कर्जाने येई. त्यात तेलाचे भाव चौपट. नंतर १९८२ ची लेबनॉनची लढाई. परिणाम काय झाला ते आपण बाजारात पाहिले. १९८० साली दहा लिरांचा एक शेकेल झाला, तोही टिकेना. १९८३ च्या ऑक्टोबरात बँकांचे शेअर कोसळले आणि पुष्कळांची पुंजी गेली. १९८४ साली महागाई ४४५ टक्क्यांवर गेली. सकाळचा दुधाचा भाव संध्याकाळी राहत नसे, घरभाडे डॉलरमध्ये सांगत, आणि टेलिफोनचे असिमोन लोक साठवून ठेवत, कारण नोटेपेक्षा असिमोन बरा टिके! मग जुलै १९८५ मध्ये सरकारने कंबर कसली: अनुदाने कापली, पगार आणि किमती गोठवल्या, संरक्षणाचा खर्चही खाली आणला, अमेरिकेने दीड अब्ज डॉलरची जादा मदत दिली, आणि हजार जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. हिब्रू वृत्तपत्रे त्या १९७३ ते १९८५ च्या काळाला 'आसोर आवुद', हरवलेले दशक, म्हणतात. त्याला एकटा संरक्षणखर्च जबाबदार नव्हता, हे खरे. पण तो मोठ्या कारणांपैकी एक होता, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. भीती चांगली पहारेकरीण आहे, पण हिशेबनीस म्हणून अगदी कच्ची.

दुसरे कारण कमी लोक बोलतात: शस्त्र विकतो कोण? मध्यम राष्ट्र सगळे घरी बनवू शकत नाही आणि सगळे विकत घेऊन निश्चिंतही राहू शकत नाही. १९६७ पर्यंत आपली लढाऊ विमाने फ्रान्सची. युद्धाच्या तोंडावर द गॉल यांनी शस्त्रबंदी जाहीर केली. पन्नास मिराज विमानांचे पैसे आपण भरले होते, ती मिळाली नाहीत. शेर्बुर्ग बंदरात आपल्याच पैशाने बांधलेल्या पाच नौका अडकल्या, त्या २४ डिसेंबर १९६९ च्या रात्री, सगळे बंदर नाताळात असताना, आपल्या खलाशांनी बाहेर काढल्या आणि हैफाला आणल्या. ही गोष्ट नातवंडांना आवडते, पण तिचा हिशेबाचा भाग कोणी सांगत नाही. ब्रिटननेही चीफ्टन रणगाडे देण्याची बोलणी करून १९६९ मध्ये हात आखडला. यावरून राज्यकर्त्यांनी धडा घेतला, की जे अडवले जाऊ शकते ते घरी बनवायचे. जनरल इस्राएल ताल यांच्या देखरेखीखाली मर्कावा रणगाडा तयार झाला आणि १९७९ मध्ये सैन्यात दाखल झाला. मिराजच्या धर्तीवर आधी नेशेर आणि मग क्फीर विमान झाले. घरी बनवलेली वस्तू बहुतेक वेळा महाग पडते, कारण अमेरिका हजारो नग बनवते आणि आपण शेकड्यांत. ती जास्तीची किंमत म्हणजे स्वातंत्र्याचा हप्ता.

तो हप्ता कुठपर्यंत भरायचा? याचे उत्तर लावी विमानाने दिले. आपल्यापैकी लोद-रामल्याचे कित्येक जण तासिया आविरितमध्ये कामाला होते, त्यांना हे सांगायला नको. लावीने ३१ डिसेंबर १९८६ रोजी पहिले उड्डाण केले; विमान उत्तम होते. पण पैसा मुख्यतः अमेरिकेचा, आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याला आपल्याच विमानांना स्पर्धक नको होता. आपल्या सेनापतींनाही वाटू लागले, की हे एक विमान बाकी सगळ्यांचा घास खाईल. ३० ऑगस्ट १९८७ रोजी मंत्रिमंडळात मतदान झाले: बाराविरुद्ध अकरा मतांनी लावी बंद. मोशे अरेन्स यांनी मंत्रिपद सोडले. हजारो कामगार आणि इंजिनिअर घरी बसले. रस्त्यावर टायर जळाले. पुढे त्यातले बरेच इंजिनिअर खाजगी कंपन्यांत गेले आणि हायटेकच्या उभारणीत त्यांचा हातभार लागला, पण त्या दिवाळीला (जुन्या सवयीने म्हणतो) कित्येक घरांत अंधार होता. एका मताने निर्णय फिरला असता. म्हणजे संरक्षणाचा खर्च शास्त्राने ठरतो असे कोणी सांगितले तर लावीची आठवण द्यावी.

यातूनच अमेरिकेच्या मदतीकडे येऊ. २०१६ साली झालेल्या करारानुसार २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत अमेरिका ३८ अब्ज डॉलर देणार: ३३ अब्ज शस्त्रखरेदीला आणि ५ अब्ज क्षेपणास्त्रांपासून बचावाला. म्हणजे वर्षाला ३.८ अब्ज. मदत मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती रोकड हातात येत नाही. तिचा माल अमेरिकेतूनच घ्यावा लागतो. पूर्वी त्यातला चौथाईहून थोडा जास्त भाग इस्राएलच्या कारखान्यांत खर्च करण्याची सवलत होती. ती नव्या करारात हळूहळू कमी होत २०२८ पर्यंत संपते. भेट मिळालेल्या विमानाला वैमानिक, तळ, सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या खर्चाने. सासऱ्याने हत्ती दिला तरी ऊस जावयालाच घालावा लागतो.

शांततेलाही पैसा लागतो, हे आपण विसरतो. १९७९ च्या इजिप्तबरोबरच्या तहानंतर सिनाईतले विमानतळ सोडले, आणि त्यांच्या जागी नेगेवमध्ये रामोन आणि ओवदा हे तळ अमेरिकेच्या मदतीने बांधावे लागले. तरी तो तह म्हणजे आजवरची सर्वांत मोठी बचत ठरली. दक्षिणेची सरहद्द शांत झाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तीस टक्क्यांचा आकडा पाचाच्या खाली उतरला. उत्पन्न वाढत गेले हे दुसरे कारण. टक्केवारी खाली आणायचे हे दोनच मार्ग: शत्रू कमी करणे, किंवा देश श्रीमंत करणे. आपण दोन्ही थोडेथोडे केले.

आता एक नवे कारण सांगतो, जे आमच्या शालेय वयात नव्हते. गाझातला साधा कस्साम रॉकेट काही शे डॉलरमध्ये तयार होतो. त्याला हवेत पाडणाऱ्या किपात बर्झेलच्या एका बाणाची किंमत सुमारे ५०,००० डॉलर धरतात. बेर शेवाच्या वाचकांना आठवत असेल, मार्च २०११ मध्ये किपाची पहिली तुकडी त्यांच्याच शहराजवळ लावली होती. ती यंत्रणा हुशार आहे. रिकाम्या रानात पडणाऱ्या रॉकेटवर बाण वाया घालवत नाही. पण इराणहून येणाऱ्या मोठ्या क्षेपणास्त्राला 'हेत्स' लागतो, आणि त्याच्या एकेका बाणाला लाखो डॉलर पडतात. जून २०२५ च्या बारा दिवसांत रात्री किती वेळा आपण ममादमध्ये गेलो ते आठवा, आणि वर आकाशात काय काय जळत होते त्याचा हिशेब करा. तरी काही निसटलेच. सोरोका रुग्णालयावर पडले ते सर्वांना ठाऊक आहे. मारणारा स्वस्तात मारतो आणि वाचवणारा महागात वाचवतो. या व्यवहारात फक्त बाणाची किंमत पाहून चालत नाही, वाचलेले घर आणि वाचलेला जीवही तागडीत टाकावा लागतो. पण तागडी रोज उचलावी लागली तर खजिन्याचा हात दुखतोच.

विमाने-क्षेपणास्त्रे डोळ्यांत भरतात, म्हणून लोकांना वाटते सगळा पैसा तिकडे जातो. तसे नाही. मोठा भाग माणसांवर जातो. कायम नोकरीतला अधिकारी चाळिशीत निवृत्त होतो आणि नेहमीचे पेन्शनचे वय येईपर्यंत त्याला मधली पेन्शन मिळते. यावरून अर्थखाते आणि लष्कर यांच्यात वर्षानुवर्षे भांडण आहे. जखमींचे पुनर्वसन आणि शहीदांच्या कुटुंबांचा सांभाळ हाही त्याच खात्याचा खर्च. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर त्यात हजारो नव्या जखमींची भर पडली; पंचवीस वर्षांच्या पोराचा पाय गेला तर त्याची जबाबदारी पुढची साठ वर्षे आहे, आणि ती असावीच. याखेरीज काही खर्च अंदाजपत्रकात पुरता दिसतच नाही. सक्तीच्या सेवेतला मुलगा किंवा मुलगी जवळजवळ हातखर्चावर राबते. ती वर्षे त्याने बाहेर कमावली असती ते कोणी लिहीत नाही. मिलुईमला गेलेल्याचा पगार बितुआह लेउमीच्या मार्फत येतो, पण त्याचे बंद पडलेले दुकान, बायकोची सुटलेली नोकरी कुठल्या रकान्यात घालायची? म्हणूनच इस्राएल बँकेने २०२५ अखेरपर्यंत या युद्धाचा एकूण बोजा सुमारे २५० अब्ज शेकेल धरला, जो नुसत्या लष्करी अंदाजपत्रकापेक्षा निराळा आकडा आहे.

दुसऱ्या बाजूला मिळकतही आहे. २०२४ साली इस्राएलने जवळजवळ १४.८ अब्ज डॉलरची शस्त्रे परदेशी विकण्याचे करार केले. जर्मनीने 'हेत्स ३' घेतले. भारत तर जुना गिऱ्हाईक, बराक ८ दोन्ही देशांनी मिळून तयार केले. विक्रीमुळे कारखाने चालू राहतात आणि आपल्या सैन्याला माल थोडा स्वस्त पडतो. आमच्या मनाला यात पूर्ण समाधान नाही, पण हिशेब हिशेबाच्या जागी.

शेवटी ठरवतो कोण? लष्कर मागते, अर्थखाते कापते, आणि पंतप्रधान मध्ये काहीतरी आकडा सांगतो. कनेसेतमध्ये संरक्षणाचे अंदाजपत्रक इतर खात्यांसारखे उघड चर्चेला येत नाही. संयुक्त समिती बंद दाराआड पाहते. गुप्ततेची गरज आम्ही समजू शकतो, पण बंद दाराआड काटकसर फारशी होत नाही, हे कोणत्याही शाळेच्या संचालक मंडळावर बसलेल्या माणसाला कळेल. २००६ च्या लेबनॉन युद्धानंतर डेव्हिड ब्रोडेट यांच्या समितीने २००७ मध्ये सांगितले, की दहा वर्षांचा आकडा आधी ठरवा, तो हळूहळू वाढवा, आणि लष्कराने स्वतःही काटकसर करून भर घालावी. हरवलेल्या दशकाची आठवणही त्या समितीने करून दिली. सल्ला चांगला होता. प्रत्यक्षात वर्षाच्या मध्यावर जादा पैशाची मागणी यायची आणि बहुतेक वेळा ती मान्य व्हायची. जानेवारी २०२५ मध्ये याकोव नागेल यांच्या समितीने पुढच्या दहा वर्षांसाठी पुन्हा मोठी वाढ सुचवली. वाढ लागेल यात शंका नाही. रिकामी झालेली कोठारे भरायची आहेत आणि सरहद्दीवर पूर्वीपेक्षा जास्त माणसे ठेवायची आहेत. आमचे मत एवढेच, की वाढ किती काळासाठी हे त्याच कागदावर लिहिले पाहिजे. १९७३ नंतर ते लिहिले नव्हते.

आपल्या वयाच्या माणसांपुरते सांगायचे तर असे. किट्सबात झिक्ना महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली आहे, त्यामुळे माआम वाढून भाव चढले तर ती जानेवारीत थोडी वर सरकते, फक्त उशिराने. खरी ओढाताण निर्देशांकाशी न बांधलेल्या गोष्टींत होते: सल ब्रियूतमध्ये दरवर्षी नवी औषधे घालायला किती रक्कम ठेवली, रुग्णालयात खाटा किती वाढल्या, जुन्या इमारतींत ममाद नाही तिथे सरकार काय करणार. बेर शेवा, दिमोना, अश्दोदच्या जुन्या शिक्कूनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा शेवटचा प्रश्न संरक्षणाचाच आहे, पण तो बहुधा संरक्षणाच्या अंदाजपत्रकात सापडत नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंना दीड मिनिटात मिकलातपर्यंत उतरता येत नाही, हे आकाशातल्या बाणाइतकेच महत्त्वाचे आहे. पुढचे अंदाजपत्रक येईल तेव्हा वृत्तपत्रात मोठ्या अक्षरांतला आकडा वाचून झाल्यावर आतल्या पानावर गृहनिर्माण खात्याची ओळही शोधावी. अमेरिकेचा करार २०२८ ला संपतो, तेव्हा या सगळ्या रकान्यांची मांडणी पुन्हा नव्याने करावी लागणार आहे.